न्यूरबुर्गरिंग : तिकीट काढून कुणालाही चालवता येणारी शर्यतवाट

जर्मनीतील कोलोन शहरापासून मोटारीने तास-सव्वा तासाच्या अंतरावर आयफेल नावाचा डोंगराळ टापू आहे. गर्द झाडी, बोचरा वारा, अवेळी कोसळणारा पाऊस आणि दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली लहान खेडी असे या प्रदेशाचे रूप. त्यांपैकी न्यूरबुर्ग या जेमतेम दीडदोनशे वस्तीच्या गावाच्या माथ्यावर एका मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. या किल्ल्याला आणि आसपासच्या गावांना वळसा घालून जाणारा २०.८३२ किलोमीटर लांबीचा रस्ता म्हणजे 'नॉर्डश्लाइफे', अर्थात उत्तरेकडील वेढा. न्यूरबुर्गरिंग या जगद्विख्यात शर्यतस्थळाचा हा मूळ आणि सर्वांत लांब भाग. मोटारींचे वेड असलेल्या जगभरच्या लोकांची ही पंढरी, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हंगामातील एखाद्या सायंकाळी येथील प्रवेशद्वारापाशी उभे राहावे. रांगेत पोर्शे असते, जुनी फोक्सवॅगन गोल्फ असते, अंगभर प्रायोजकांच्या चिकटपट्ट्या मिरवणारी भाड्याची छोटी हॅचबॅक असते आणि मागच्या आसनावर लहान मुलाची खुर्ची तशीच राहिलेली एखादी कौटुंबिक स्टेशन वॅगनही असते. चालक खिडकीतून हात बाहेर काढून यंत्राला कार्ड दाखवतो, अडसर वर जातो आणि गाडी त्याच डांबरावर उतरते, ज्यावर न्यूव्होलारी, फँजिओ आणि लाउडा धावले. शर्यतीचा परवाना लागत नाही की पूर्वपरीक्षा नाही. नेहमीचा वाहन परवाना आणि रस्त्यावर चालवण्यास योग्य वाहन एवढे पुरते. क्रिकेटवेड्या माणसाला तिकीट काढून लॉर्ड्सच्या खेळपट्टीवर फलंदाजी करू दिली, तर जे वाटेल तेच येथे मोटारवेड्याला वाटते. फरक इतकाच, की लॉर्ड्सवर समोरून येणारा चेंडू एकच असतो.

हा असा परवाना कसा मिळाला, हे समजून घ्यायचे तर या वाटेच्या जन्मकाळाकडे जावे लागते. पहिल्या महायुद्धानंतर आयफेल हा जर्मनीतील अत्यंत गरीब भागांपैकी एक होता. जमीन हलकी, थंडी कडक, कारखाने नाहीत. १९२२ पासून या भागात सार्वजनिक रस्त्यांवर मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती होऊ लागल्या होत्या. पण गावांतून धूळ उडवत जाणाऱ्या या शर्यती धोकादायक आणि गैरसोयीच्या होत्या. आडेनाउ जिल्ह्याचे प्रशासक डॉ. ओटो क्रॉइत्स यांनी स्वतंत्र शर्यतवाट बांधण्याची कल्पना उचलून धरली. बेकारांना काम मिळेल, पर्यटक येतील आणि जर्मन मोटार उद्योगाला आपली वाहने तपासण्यासाठी हक्काची जागा मिळेल, असा त्यामागचा हिशेब होता. सप्टेंबर १९२५ मध्ये पायाभरणी झाली आणि दोन-तीन हजार मजूर कामाला लागले. आपल्याकडील दुष्काळी कामांतून जसे रस्ते व पाझर तलाव उभे राहिले, तशीच ही वाटही रोजगार पुरवण्यासाठी निघालेल्या कामातून उभी राहिली, ही गोष्ट येथे येणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते.

१८ जून १९२७ रोजी मोटारसायकलींच्या शर्यतीने उद्घाटन झाले. दुसऱ्या दिवशी मोटारी धावल्या आणि मोठ्या इंजिनांच्या गटात मर्सिडीज चालवणारे रुडॉल्फ काराचिओला विजयी झाले. त्या वेळी संपूर्ण वाट २८ किलोमीटरहून अधिक लांबीची होती. उत्तरेकडील वेढा २२.८ किलोमीटरचा, तर दक्षिणेकडील पावणेआठ किलोमीटरचा होता. दक्षिणेकडील वेढा आता इतिहासजमा झाला आहे. मात्र पहिल्याच वर्षापासून एक पद्धत पडली, ती आजतागायत टिकून आहे. शर्यती नसतील तेव्हा सायंकाळी आणि सुटीच्या दिवशी ही वाट सर्वसामान्यांना एकदिशा टोलरस्ता म्हणून खुली ठेवायची. जिल्ह्याच्या पैशातून झालेला रस्ता तिजोरीत चार पैसे परत आणील, हा त्यामागचा व्यवहार. तेव्हापासून नॉर्डश्लाइफेला दोन रूपे आहेत. शर्यतीच्या दिवशी ती शर्यतवाट असते आणि उरलेल्या दिवशी, नियमांपुरती तरी, ती रस्ता असते. येणाऱ्या पाहुण्याचे सुख आणि संकट ही दोन्ही याच दुहेरीपणात आहेत.

आज पर्यटकांच्या फेऱ्यांना जर्मन वाहतूक कायदा लागू होतो. ओव्हरटेक डावीकडूनच करायचे, मागून वेगवान गाडी आली तर उजवीकडे सरून तिला वाट द्यायची, विनाकारण थांबायचे नाही, शर्यत लावायची नाही आणि वेळ मोजायची नाही. अपघात झाला तर पोलीस येतात आणि तो रस्त्यावरचा अपघात म्हणूनच नोंदवला जातो. पण रस्ता मात्र ही कायद्याची भाषा जाणत नाही. तो शर्यतीसाठीच आखलेला आहे. त्याच्या कडेला बहुतेक ठिकाणी मोकळी पट्टी नाही. डांबर संपते, हातभर गवत लागते आणि लगेच पत्र्याचे कठडे सुरू होतात. आधुनिक शर्यतवाटांवर चुकलेल्या गाडीला सावरण्यासाठी वाळूचे वा डांबराचे विस्तीर्ण पट्टे असतात. येथे ती चैन नाही.

वाटेची ओळख तिच्या वळणांच्या नावांतून उत्तम होते. वळणे किती, यावर एकमत नाही. सामान्यतः ७३ हा आकडा सांगितला जातो, पण कोणत्या वाकणाला वळण म्हणायचे यावर तो बदलतो. प्रत्येकाला नाव मात्र आहे आणि ते बहुधा तेथील शेतावरून, झाडावरून किंवा एखाद्या जुन्या प्रसंगावरून आलेले आहे. पर्यटक सरळ पट्ट्यावरून आत शिरतो आणि टियरगार्टनचा चढ ओलांडून हात्सेनबाखच्या जंगलात येतो. तेथे एकामागून एक उलटसुलट वळणे येतात. पाठोपाठ 'फ्लुगप्लात्स', म्हणजे विमानतळ. एका चढाच्या माथ्यावर गाडी हलकी होते आणि जुन्या काळी ती चारही चाकांवर हवेत उडत असे, त्यामुळे नाव त्यावरूनच पडले असावे असा समज होतो. प्रत्यक्षात जवळच ग्लायडर उडवण्याचे मैदान होते. 'श्वेडनक्रॉइत्स' हे नाव तीस वर्षांच्या युद्धाची आठवण सांगणाऱ्या दगडी क्रूसावरून आले. 'फुक्सर्योरे' म्हणजे कोल्ह्याची नळी. बांधकामाच्या वेळी एक घाबरलेला कोल्हा नळीत शिरला होता, असे सांगतात. नाव कसेही पडलेले असो, वर्णन अचूक आहे. झाडांच्या बोगद्यातून रस्ता तीव्र उताराने खाली झेपावतो, तळाशी गाडी स्प्रिंगांवर दबते आणि लगेच चढ लागतो.

त्या चढाच्या शेवटी 'आडेनाउअर फॉर्स्ट' येतो. समोर रस्ता सरळ जाईल असे वाटत असतानाच तो डावीकडे आणि मग झटकन उजवीकडे वळतो. अनभिज्ञ चालकांनी गवतात शिरावे ते येथेच. हे वळण पाठ नसेल तर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पुढे काल्लेनहार्ड आणि वेअरझाइफेनच्या उताराने रस्ता ब्राइडशाइड येथील पुलापर्यंत खाली येतो. वाटेतील हा सर्वांत सखल बिंदू. पुलाखालून आडेनाउ गावाचा नेहमीचा रस्ता जातो आणि त्यावरून गावकरी बाजारहाट करत असतात. तेथून चढण सुरू होते ती थेट होहे आख्टपर्यंत. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या बिंदूंमध्ये सुमारे ३०० मीटरचे अंतर आहे. त्यामुळे खाली ऊन आणि वर धुके, किंवा एका टोकाला कोरडे डांबर आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, ही येथील नित्याची गोष्ट आहे. 'आइसकुर्व्हं', म्हणजे बर्फाचे वळण, हे नावही उगाच पडलेले नाही.

या चढणीवरच काँक्रीटचे प्रसिद्ध 'कारुसेल' आहे. हे एक लांबलचक डावे वळण असून त्याच्या आतल्या बाजूस पाण्याच्या निचऱ्यासाठी तिरपा चर होता. काराचिओला यांनी या चरातच चाके घातली, तेव्हा तिरप्या बाजूच्या आधाराने गाडी कितीतरी अधिक वेगाने वळू लागली, असे सांगितले जाते. पुढे तो चर काँक्रीटने पक्का केला गेला आणि वळणाला त्यांचे नाव मिळाले. आजही त्यात उतरताना गाडीचा सांगाडा खडखडतो आणि आतील सैल वस्तू जागा सोडतात. बाहेर पडताना वेग आवरला नाही तर गाडी उसळून बाहेर फेकली जाते. कारुसेलनंतर ब्र्यून्खन, प्फ्लान्त्सगार्टन, श्वालबेनश्वान्त्स अशी वळणे येतात. शेवटचे मोठे वळण 'गाल्गेनकोप्फ', म्हणजे फासाची टेकडी. जुन्या काळी तेथे गुन्हेगारांना फाशी देत. त्यानंतर लागतो डोटिंगर ह्योहेचा लांब सरळ पट्टा.

शर्यतींचा इतिहास येथे सविस्तर देणे शक्य नाही, पण तीन-चार प्रसंग टाळता येत नाहीत. १९३५ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये मर्सिडीज आणि ऑटो युनियन यांच्या बलाढ्य गाड्यांपुढे इटलीचे ताझिओ न्यूव्होलारी जुनी आणि कमी ताकदीची अल्फा रोमिओ घेऊन उतरले होते. शेवटच्या फेरीत आघाडीवरील मर्सिडीजचा टायर फुटला आणि न्यूव्होलारी जिंकले. जर्मन सत्ताधीशांच्या देखत झालेला हा पराभव यजमानांना चांगलाच झोंबला.

१९५७ ची शर्यत मात्र याहून मोठी. अर्जेंटिनाचे हुआन मान्युएल फँजिओ तेव्हा ४६ वर्षांचे होते. त्यांनी अर्धीच टाकी भरून, मऊ टायर लावून मासेराती २५०एफ पळवली आणि मध्येच थांबून इंधन व टायर घेण्याचा बेत आखला. थांबा लांबला. परत वाटेवर आले तेव्हा माइक हॉथर्न आणि पीटर कॉलिन्स यांच्या फेरारी सुमारे पाऊण मिनिट पुढे होत्या. पुढच्या फेऱ्यांत फँजिओंनी वाटेचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. त्यांची सर्वांत जलद फेरी ९ मिनिटे १७.४ सेकंदांची होती. पात्रता फेरीत त्यांनी स्वतः नोंदवलेल्या सर्वोत्तम वेळेपेक्षाही ती आठ सेकंदांनी कमी. अखेरून दुसऱ्या फेरीत त्यांनी दोघांनाही मागे टाकले आणि साडेतीन सेकंदांच्या फरकाने ते जिंकले. हा त्यांचा अखेरचा ग्रां प्री विजय. या वाटेची किंमत त्यांना माहीत नव्हती असे नाही. तीनच वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, त्यांचे तरुण शिष्य ओनोफ्रे मारिमोन सरावाच्या वेळी वेअरझाइफेनच्या उतारावर मृत्युमुखी पडले होते. आणि १९५७ मध्ये हरलेले कॉलिन्स पुढच्याच वर्षी प्फ्लान्त्सगार्टन येथे अपघातात गेले.

१९६८ मध्ये स्कॉटलंडचे जॅकी स्टुअर्ट मुसळधार पावसात आणि दाट धुक्यात, मनगट दुखावलेले असताना, चार मिनिटांहून अधिक आघाडी घेऊन जिंकले. या वाटेला 'हिरवा नरक' हे नाव त्यांनीच दिले. विजेत्याने असे नाव द्यावे, यात सर्व काही आले. स्टुअर्ट सुरक्षिततेचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९७० मध्ये चालकांनी येथे धावण्यास नकार दिला आणि जर्मन ग्रां प्री होकेनहाइमला हलवावी लागली. त्यानंतर झुडपे काढली गेली, उंचवटे कमी करण्यात आले, पत्र्याचे कठडे बसले आणि १९७१ पासून शर्यत परत आली. पण वीसेक किलोमीटर लांबीच्या जंगलातील रस्त्यावर प्रत्येक ठिकाणी अग्निशामक आणि रुग्णवाहिका उभी करणे शक्य नव्हते. हा मूळ प्रश्न पत्र्याच्या कठड्यांनी सुटणारा नव्हताच.

तो १९७६ मध्ये सर्वांसमोर आला. ऑस्ट्रियाचे निकी लाउडा हे विद्यमान जगज्जेते होते. आदल्या वर्षी पात्रता फेरीत त्यांनी ६ मिनिटे ५८.६ सेकंदांत ही वाट पार केली होती. म्हणजे वेगाला ते भिणारे नव्हते. तरीही शर्यत रद्द करावी असा आग्रह त्यांनीच धरला आणि चालकांच्या बहुमताने तो फेटाळला गेला. १ ऑगस्ट १९७६ रोजी दुसऱ्या फेरीत, बेर्गवेर्क वळणाच्या थोडे अलीकडे, त्यांची फेरारी बांधावर आदळून पेटली. त्यांना बाहेर काढले ते मागून आलेल्या चालकांनी. आर्तुरो मेरझारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल ही त्यांची नावे. भाजलेल्या चेहऱ्यानिशी लाउडा सहा आठवड्यांत मोंझाच्या शर्यतीत उतरले आणि चौथे आले, हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. नॉर्डश्लाइफेवर पुन्हा फॉर्म्युला वन शर्यत झाली नाही. १९८४ मध्ये शेजारीच आधुनिक, आटोपशीर वाट तयार झाली आणि फॉर्म्युला वन तिच्यावर येऊ लागली. १९८० च्या दशकातील याच बांधकामामुळे जुन्या वेढ्याची लांबी आजच्या २०.८३२ किलोमीटरवर आली.

येथे एक विचित्र गोष्ट ध्यानात घ्यावीशी वाटते. जी वाट जगातील सर्वोत्तम व्यावसायिक चालकांसाठी अतिधोकादायक ठरली, ती हौशी पर्यटकांसाठी मात्र चालूच राहिली. याचे कारण तिच्या जन्मातच आहे. ती मुळातच लोकांचा रस्ता होती आणि रस्ता कोणी बंद करत नाही.

फॉर्म्युला वन गेल्यावर या वाटेचे महत्त्व घटले नाही. मोटार कंपन्या येथे नव्या गाड्यांच्या चाचण्या घेतात. वर्षातील कित्येक आठवडे कामाच्या दिवशी वाट त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असते आणि काळ्यापांढऱ्या नक्षीच्या कापडात गुंडाळलेली, बाजारात न आलेली वाहने रस्त्यालगतच्या पेट्रोल पंपांवर सहज दिसतात. १९८३ मध्ये स्टेफान बेलोफ यांनी पोर्शे ९५६ मधून नोंदवलेली ६ मिनिटे ११.१३ सेकंदांची वेळ ३५ वर्षे अबाधित राहिली. २०१८ मध्ये टिमो बेर्नहार्ड यांनी पोर्शेच्याच खास बनवलेल्या ९१९ गाडीतून ती ५ मिनिटे १९.५४६ सेकंदांवर आणली. जाहिरातींत झळकणाऱ्या फेरीवेळा वाचताना एक पथ्य पाळावे. २०१९ पर्यंत कंपन्या सहसा २०.६ किलोमीटरचे अंतर मोजत, त्यानंतर पूर्ण २०.८३२ किलोमीटर मोजण्याचा नियम झाला. त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची सरळ तुलना फसवी ठरते. पर्यटकाला तर पूर्ण फेरी मिळतच नाही. प्रवेश आणि निर्गम दोन्ही सरळ पट्ट्यावर असल्याने त्याच्या वाट्याला सलग चालवायला सुमारे १९ किलोमीटर येतात.

स्थानिकांपैकी एकच नाव घ्यायचे तर ते साबिने श्मित्स यांचे. १९६९ साली जन्मलेल्या साबिने न्यूरबुर्ग गावातील आपल्या कुटुंबाच्या हॉटेलात, वाटेला अक्षरशः खेटून, लहानाच्या मोठ्या झाल्या. १९९६ आणि १९९७ असे लागोपाठ दोनदा त्यांनी येथील २४ तासांची शर्यत बीएमडब्ल्यूमधून जिंकली. ही शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे त्यांनी 'रिंग टॅक्सी' चालवली, म्हणजे पैसे भरून शेजारी बसणाऱ्या पाहुण्यांना शर्यतीच्या वेगाने फेरी घडवली. एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी सामान वाहण्याची फोर्ड ट्रान्झिट व्हॅन त्यांनी १० मिनिटे ८ सेकंदांत पळवून दाखवली. कित्येक पर्यटकांना स्पोर्ट्स कार घेऊनही ते जमत नाही. मार्च २०२१ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर पहिल्या वळणाला त्यांचे नाव देण्यात आले.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. हंगाम साधारण वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत असतो. हिवाळ्यात वाट बंद राहते. सुटीच्या दिवशी ती बराच वेळ, तर इतर काही दिवशी फक्त सायंकाळी दोनेक तास खुली असते. शर्यत, कंपन्यांच्या चाचण्या किंवा धुके यांमुळे वेळापत्रक बदलते, म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी ते पाहून घेतलेच पाहिजे. एका फेरीचे तिकीट अलीकडच्या हंगामांत तीस-पस्तीस युरोंच्या घरात आहे. एवढ्यात जगातील सर्वांत प्रसिद्ध शर्यतवाट मिळते, हे स्वस्तच. महाग असते ते पुढचे.

भाड्याच्या गाड्या देणाऱ्या सर्वसाधारण कंपन्या आपल्या करारात नॉर्डश्लाइफेवर गाडी नेण्यास स्पष्ट मनाई करतात. विमानतळावरून घेतलेली गाडी घेऊन आत जाणे म्हणजे विमासंरक्षण स्वतःच्या हाताने फाडून टाकणे होय. खासगी वाहनाच्या विम्यातही शर्यतवाटेवरील नुकसानीचा अपवाद पुष्कळदा असतो. आणि नुकसान केवळ गाडीचे नसते. वाकलेल्या कठड्याची किंमत, गाडी ओढून नेण्याचा खर्च, वाट साफ करण्याचा खर्च आणि वाट बंद ठेवावी लागली तर त्याचा आकार हे सर्व चालकाकडून वसूल होते. एका निसटत्या चाकाचे बिल हजारो युरोंत जाऊ शकते. आपल्या गाडीतून सांडलेल्या तेलावरून मागची मोटार घसरली, तर जबाबदारीचा प्रश्न निराळाच. म्हणून गावात खास या वाटेसाठी सज्ज केलेल्या गाड्या भाड्याने देणारे व्यावसायिक आहेत, त्यांच्याकडून गाडी घ्यावी. त्यांच्याही करारातील एक आकडा आधी वाचावा. अपघात झाल्यास आपल्याला जास्तीत जास्त किती भरावे लागेल, तो आकडा. तेवढी रक्कम बुडाली तर चालेल का, याचे उत्तर नकारार्थी असेल तर प्रवाशाच्या जागेवर बसावे.

भारतीय पाहुण्यांसाठी आणखी एक बाब आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. परवाना सोपा आहे. आपला वाहन परवाना आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय चालक परवाना सोबत ठेवला की झाले. अडचण आहे ती हातांच्या सवयीची. जर्मनीत वाहतूक उजवीकडून चालते आणि या वाटेवर हळू जाणाऱ्याने उजव्या कडेला राहायचे असते. आपल्या अंगात मात्र वर्षानुवर्षे डावी बाजू भिनलेली असते. शांत मनाने हा बदल कुणालाही जमतो. पण मागच्या आरशात अचानक दिवे चमकले, हॉर्न वाजला आणि माणूस दचकला, की हात आपोआप डावीकडे वळतात. नेमके त्याच बाजूने मागची गाडी ताशी दोनशेच्या वेगाने येत असते. घाटात सहज गाडी चालवणाऱ्या माणसालाही येथे हा धोका आहे, किंबहुना आत्मविश्वासामुळे अधिक आहे. जर्मनीत पोचल्यावर दोन-तीन दिवस साध्या रस्त्यांवर गाडी चालवून मगच येथे यावे. आणि पहिल्या फेऱ्यांत अर्धे लक्ष आरशात ठेवावे, उजवा दिशादर्शक लावून मागच्याला जाऊ द्यावे. त्यात कमीपणा नाही. जाणते चालक अशा पाहुण्याला हात उंचावून धन्यवाद देतात.

गाडी न चालवताही येथे दिवस उत्तम जातो, हे सांगितले नाही तर लेख अपुरा राहील. पर्यटकांच्या दिवशी वाटेच्या बाहेरून, कुंपणाआडून पाहायला पैसे पडत नाहीत. ब्र्यून्खन येथे वाहनतळापासून थोडे चालले की दोन वळणे एकाच नजरेत येतात. घसरणाऱ्या गाड्यांची चित्रफीत करण्यासाठी तेथे नेहमीच कॅमेरे रोखलेले असतात. दुसऱ्याच्या अपघाताची वाट पाहत बसलेली ती गर्दी मनाला थोडी खटकते. त्यापेक्षा जंगलातील पायवाटेने कारुसेल गाठावे. गाडी दिसण्याआधी कितीतरी वेळ तिचा आवाज दरीतून वर चढत येताना ऐकू येतो. डांबरावर रसिकांनी रंगवलेली नावे आणि संदेश शर्यतीनंतरही पुष्कळ दिवस टिकून असतात. १९७० पासून होणाऱ्या २४ तासांच्या शर्यतीच्या वेळी दोन लाखांहून अधिक माणसे या जंगलात तंबू ठोकतात, शेकोट्यांवर मांस भाजतात आणि रात्री त्या धुराचा वास थेट चालकांच्या नाकापर्यंत पोचतो.

हे सारे सदैव असेच राहील, असे मात्र गृहीत धरता येत नव्हते. २००९ च्या सुमारास ऱ्हाइनलँड-पॅलॅटिनेट राज्याने येथे करमणूक केंद्र, हॉटेले आणि वाटेशेजारून धावणारा झोका-पाळणा असा कोट्यवधी युरोंचा प्रकल्प उभारला. शर्यतीच्या वेगाची ही आगगाडीवजा पाळणागाडी तांत्रिक बिघाडांमुळे वर्षानुवर्षे रखडली आणि २०१३ मध्ये अवघे चार दिवस चालून कायमची बंद झाली. त्याआधीच, २०१२ मध्ये, न्यूरबुर्गरिंगची मालक असलेली सरकारी कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. राज्याच्या माजी अर्थमंत्र्यांना या प्रकरणी न्यायालयाने दोषी ठरवले. २०१४ मध्ये वाट खासगी मालकीत गेली. नवा मालक श्रीमंत हौशी लोकांसाठी तिला कुलूप लावील, या भीतीने स्थानिक रहिवासी आणि जगभरचे चाहते एकत्र आले होते. वाट सर्वांना खुली राहावी यासाठी राज्याने कायदाही केला. मालक बदलले, पण सायंकाळची रांग आजही लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने क्रम असा ठेवावा. सकाळी ब्राइडशाइडच्या पुलाजवळ आणि कारुसेलपाशी पायी जाऊन चढउतार डोळ्यांनी पाहावेत, कारण चित्रफितींत ते सपाट दिसतात. त्यानंतर एक फेरी जाणत्या चालकाशेजारी बसून करावी. मगच स्वतः चालवावे आणि बारा मिनिटे लागली तरी लागू द्यावीत. सलग दुसरी फेरी मारू नये. साध्या गाडीचे ब्रेक एका फेरीतच तापून मऊ पडतात आणि ते कळते ते आडेनाउअर फॉर्स्टच्या अलीकडच्या उतारावर. डोटिंगर ह्योहेच्या सरळ पट्ट्यावर वेग कमी करत यावे, गाडीला वारा लागू द्यावा. वाहनतळावर आल्यावर तापलेल्या चकत्यांवर हातब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरावे. शेजारी दहा-वीस गाड्या तशाच उभ्या असतात, जळक्या ब्रेकचा वास पसरलेला असतो आणि सगळ्या चालकांचे हात थोडे थरथरत असतात.